चिचटोल्याचा मुका भोंगा

फोन वाजला तेव्हा पंचफुला खोब्रागडे शेजारच्या गुड्डीच्या लाकडी बैलाचं निखळलेलं चाक बसवत होत्या. तान्हा पोळा होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा लेकरांचा सण. भंडाऱ्याच्या गल्ल्यांतून पोरं सकाळपासूनच आपापले बैल ओढत फिरत होती.

"मॅडम, मी उपनिरीक्षक सरिता निंबार्ते बोलतेय. अश्विन गजभियेला ओळखता?"

"माझा विद्यार्थी. काय झालं?"

"काल चिचटोल्याला नदीला पाणी आलं आणि भोंगा वाजला नाही. एक माणूस वाहून गेला. भोंगा वाजवणाऱ्या यंत्राचं काम अश्विनचं. सकाळपासून आमच्यासमोर बसलाय आणि एकच वाक्य बोलतो. मॅडमले विचारा, माझ्या हातानं मानूस मेला का?"

पंचफुलाबाईंच्या हातातलं चाक खाली पडलं.

"आणखी एक आहे," सरिताचा आवाज खाली आला. "आज दुपारी वरच्या धरणाचे दरवाजे पुन्हा उघडणार. काठावरच्या सगळ्या गावांत तेच डब्बे आहेत. ते वाजतील की नाही, हे सांगणारा इथं कुणी नाही."

"गाडी पाठवा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

बाहेर आभाळ निरभ्र होतं. त्याचीच भीती वाटत होती. ढग दाटले तर माणूस सावध असतो. वैनगंगेचं पाणी मात्र दूर वरच्या मुलखातून येतं, लख्ख उन्हात, न सांगता.

त्यांचं माहेर नदीपलीकडचं कारधा. लहानपणी एका पहाटे नदी गल्लीत शिरली, तेव्हा त्यांच्या बाबांनी पितळी परात बडवत सारा मोहल्ला उठवला होता. त्या काळी पूर असा माणसाच्या हातातून गावाला कळे. पुढे पंचफुलाबाई शिकल्या, तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या शिक्षिका झाल्या. कॉलेजात पहिलं प्रोसेसरचं किट आलं, तेव्हा त्याला सोळा बटणं आणि लाल आकड्यांची एक पट्टी एवढंच होतं. एकेक आज्ञा बोटानं दाबून भरायची. वीज गेली की सगळं पुसलं जाई आणि पोरं रडकुंडीला येत. "पुन्हा भरा," त्या म्हणत. त्यांनी हजारदा पुन्हा भरलं असेल. पण नदी फुगली की वाटणारी भीती काही गेली नव्हती.

ठाण्यात अश्विन बाकावर बसला होता. डोळे सुजलेले. समोर टेबलावर राखाडी रंगाचा एक डब्बा. शेजारी कैलाश भुरे उभे होते, अश्विन जिथं नोकरी करायचा त्या छोट्याशा कंपनीचे मालक. हातात पोह्यांची पुडी.

"दोन घास खा रे, बापू," ते म्हणत होते. मग पंचफुलाबाईंना पाहून त्यांनी हात जोडले. "मॅडम, पोरानं मुद्दाम नाही केलं. वकील मी देतो. पण चूक त्या बूटलोडरमधीच आहे."

"सकाळपासून हा शब्द ऐकतेय," सरिता म्हणाली. "बूटलोडर म्हणजे काय, मॅडम? मला समजेल असं सांगा."

पंचफुलाबाईंनी उलट तिलाच विचारलं.

"घरात सगळ्यांत आधी कोण उठतं?"

"आई."

"ती दार उघडते, दिवा लावते, चूल पेटवते, कोण आजारी आहे ते बघते. मग बाकीच्यांना उठवते. यंत्राला वीज मिळाली की असाच एक लहानसा प्रोग्राम सगळ्यांत आधी उठतो. तो बूटलोडर. तो उठला नाही तर सारं घर झोपलेलं."

"आणि अश्विननं ती बनवली."

"एका घरासाठी नाही. एकाच घराण्यातल्या चिपांसाठी." त्या अश्विनकडे वळल्या. "सांग. किती चिपा वापरता?"

"तीन, मॅडम. धाकटी, मधली, मोठी. भाषा एकच, पण चूल येगळीकडे, पानी येगळीकडे. म्हणून बूटलोडर एकच लिहिली आन् तिघींसाठी तीन सेटिंगच्या फाइली केल्या."

"कोण कुठं लागते?"

"मोठी गावच्या भोंग्याले, नदीचं पानी वाढलं का वाजवाले. तिच्यात प्रोग्रामच्या दोन प्रती मावतात न, एक बिघडली तं बूटलोडर दुसरी उठवते. धाकटी मोटरपंपाले. मधली फक्त प्रदर्शनात दाखवायच्या डब्ब्यात. त्याले भोंगा जोडायची सोयच नाही. हिरवा दिवा लागते आन् कंट्रोल रूमले 'ठीक आहे' म्हणून निरोप जाते, बस."

"डब्ब्यात कोणती आहे, हे बाहेरून कसं कळतं?"

अश्विनच्या चेहऱ्यावर किंचित जीव आला. "शिट्टी ठेवली, मॅडम. बूटलोडर उठली का शिट्टी मारते. धाकटी एकदा, मधली दोनदा, मोठी तीनदा. वीज जाऊन आली का डब्बा सोताले तपासते, तवाही मारते. खांबावर चढाची गरज नाही."

"मग तू घाबरलास कशाला?"

तो पुन्हा खाली बघू लागला. "मी सेटिंग बदलली होती. शिट्टी लै कर्कश होती. लाखांदूरकडून तक्रार आली, वीज आली का लेकरं दचकतात. म्हणून पोळ्याच्या आदल्या हप्त्यात मोठीच्या फाइलीत आवाज खाली आनला. मधलीची फाइल उघडून पायली, तिच्यातलंच एक काही मोठीत राहून गेलं असन तं... मोठी उठनच नाही, मॅडम."

"ती नवी फाइल कुठं कुठं गेली?"

"मी तं कुठीच नाही पाठवली. ऑफिसच्या कम्प्युटरवरच होती. अंकुश डब्बे बसवते, तो तं त्याच्या आधीच लाखांदूरले गेला."

"ऑफिसची किल्ली?"

"माझ्याजवळ आन् कैलाशभाऊजवळ."

"अंकुशचा फोन कालपासून बंद आहे," सरिता म्हणाली. तिनं त्या नावाखाली पेननं रेघ ओढली.

"डब्बा सुरू करा," पंचफुलाबाई म्हणाल्या.

हवालदारानं वायर लावली. क्षणभर काही नाही. मग डब्ब्यातून होला घुमावा तसा मऊ आवाज आला. एकदा. दोनदा. तीनदा. हिरवा दिवा लागला.

अश्विननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "हीच. नवी शिट्टी. म्हंजे माझी सेटिंग गावात गेली. मीच मारलं त्याले."

"पाहा," कैलाश हळूच म्हणाले. "डब्बा आमचा ठणठणीत. काल ऐन वक्ताले उठला नाही. आता यात यंत्राचा काय दोष?"

"काल तुम्ही चिचटोल्याला होतात?" सरितानं विचारलं.

"बातमी आली तसा दोर घेऊन पळालो. घाटावर होतो, सगळ्याईसंगं."

"खांबाकडे गेलात?"

"कायले जाऊ? तो डब्बा बसवला तवापासून आमी कोनी त्याले हात नाही लावला. मंग पोलिसांनीच उतरवला."

पंचफुलाबाई त्या हिरव्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"हा डब्बा सोबत घ्या," त्या सरिताला म्हणाल्या.

"मॅडम, पुरावा आहे तो."

"पंचनामा झालाय ना? मग आज दुपारी त्या गावाला भोंगा नको?"

कारध्याच्या पुलावरून जीप जाताना त्यांनी खाली पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तरी पाहिलं. पाणी चहासारखं लाल, काठोकाठ, आणि त्यावर फेसाचे पुंजके. एक अख्खं झाड मुळांसकट निघालं होतं. मागून कैलाश यांची गाडी येत होती. मदत होईल, म्हणून ते स्वतःहूनच निघाले होते.

"उरलेले भोंगे एकदा वाजवून का बघत नाही?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"विचारलं मी. वरून नाही म्हणाले. काल माणूस गेलाय, भोंगा वाजला की लोक पळत सुटतील, चेंगराचेंगरी होईल. आणि तासाभरानं खरा वाजला तर कोणी हलणार नाही. कंट्रोल रूमच्या पडद्यावर तर सगळे दिवे हिरवे आहेत."

"चिचटोल्याचाही काल हिरवाच होता?"

सरितानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "हो. हिरवाच होता."

चिचटोल्यात पोळ्याची तोरणं अजून लटकत होती, पण रस्त्यावर एकही लाकडी बैल नव्हता. लोक ओट्यांवर गप्प बसले होते. ग्रामपंचायतीच्या अंगणात लोखंडी खांब, त्यावर भोंग्याचा कर्णा. खाली डब्ब्याची जागा रिकामी. लाइनमन डब्बा घेऊन वर चढला.

ग्रामपंचायतीचा चपराशी गोमाजी किल्ल्यांचा जुडगा वाजवत पुढे आला.

"काल या खांबावर कोणी चढलं होतं?" सरितानं विचारलं.

"चढला होता न. अंकुश."

"कधी?"

"चिंधू वाहून गेला तवा. सारा गाव घाटाकडे पळाला. मी ऑफिसले कुलूप लावाले वापस आलो, तं हा खांबावर. मी म्हटलं, आता काय दुरुस्त करतं बाबू, बैल गेला आन् झोपा केला."

"काय म्हणाला तो?"

"काईच नाही."

"अंकुशच होता?"

"मी कायले खोटं बोलू? निळा टोप, निळा कोट. कंपनीचा."

"चेहरा पाहिलात?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

गोमाजीनं त्यांच्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "बाई, खांबावर चढलेल्या मानसाचं खालून काय दिसते? जे दिसते तेच पायलं. चेहरा नाही दिसत."

हवालदार हसला आणि लगेच गप्प झाला.

सरितानं पंचफुलाबाईंना बाजूला घेतलं. "सरळ आहे. अंकुश लाखांदूरहून परत आला, खांबावर काहीतरी केलं आणि पळाला. फोन बंद. त्याच्या मागावर माणसं पाठवते."

"थांबा. मला आधी चिंधूच्या बायकोला भेटू द्या."

घाटाच्या पायऱ्यांवर बायजाबाई एकटी बसली होती. मांडीवर जाळ्याचा तुटका गोळा. नदी तिच्यापासून चार पायऱ्या खाली होती. पंचफुलाबाई वरच्या पायरीवर थबकल्या. पण त्या उतरल्या, तिच्याशेजारी बसल्या.

"बायजाबाई, मी भंडाऱ्याची. भोंग्याचं विचाराले आली."

"काय विचारता आता." ती पाण्यावरून नजर न हलवता म्हणाली. "त्याच्याच भरवशावर गेले होते ते. रेतीवर जाळं होतं. म्हने, भोंगा वाजन तं येतो न पळत."

"वीज जाऊन आली का डब्बा आवाज करे न?"

"खाकरे. पी, पी. कानात सुई गेल्यावानी."

"किती वेळा?"

"दोनदा."

"नक्की? तीनदा नाही?"

"पयले तीनदा. धानाचा रोवना सरला तवापासून दोनदाच." तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आमचे हे म्हनत, डब्बा बुढा झाला, एक दात पडला त्याचा."

समोर ऊन होतं, पाणी होतं, पण पंचफुलाबाईंना फक्त त्या दोन शिट्ट्या ऐकू येत होत्या.

तेवढ्यात वरून सरितानं हाक मारली. "मॅडम! धरणाचे दरवाजे उघडले. पाणी निघालंय."

पंचफुलाबाई ग्रामपंचायतीच्या खोलीत शिरल्या तेव्हा धापा टाकत होत्या.

"काठावरच्या गावांना वीज कुठून येते?"

"कारध्याकडच्या उपकेंद्रातून. एकच लाइन," लाइनमन म्हणाला.

"ती बंद करून पुन्हा सुरू करा. आधी प्रत्येक गावाच्या पोलीस पाटलाला फोन करा. म्हणा, खांबाखाली उभे राहा आणि वीज आल्यावर डब्बा किती शिट्ट्या मारतो ते मोजा. तीन असतील तर तिथला भोंगा वाजेल. दोन असतील तर तो डब्बा मुका आहे."

"मॅडम, याची काय गरज?" कैलाश म्हणाले. ते दाराजवळ उभे होते. "पुराच्या वक्ताले लाइट बंद करनं बरं नाही. काई झालं म्हंजे?"

"जे व्हायचं ते काल झालं, कैलाशभाऊ."

सरितानं आणि हवालदारानं भराभर फोन लावले. सगळे पाटील भेटले. फक्त सावरघाटचा उचलत नव्हता. सावरघाट पैलतीरावर, थोडं वरच्या अंगाला होतं. जीपनं जायचं तर पुलापर्यंत मागे जाऊन वळसा. पाणी आधी पोचणार.

पंखा थांबला. खोलीत कोणी हललं नाही. अंगणात एक कोंबडी ओरडली तरी सगळे दचकले. मग पंखा कुरकुरत फिरू लागला, आणि बाहेर खांबावरून मऊ, घुमता आवाज आला. तीनदा.

गोमाजीनं वर पाहिलं. "हा आपला डब्बा नोहे. हा तं येगळाच बोलून राहिला."

फोन येऊ लागले.

"बोरटोला. तीन."

"बिडघाट. तीन, एकदम जोरात."

"नवरगाव. तीन."

एकेक गाव सुटत गेलं. शेवटी सावरघाट राहिलं. सरिता पुन्हापुन्हा नंबर लावत होती. नुसतीच घंटी वाजत होती.

"तिथं आज नदीकाठच्या पटांगणात लेकराईचा तान्हा पोळा आहे," गोमाजी म्हणाला. "पाटीलही तिथंच असन. बँड लावते तो. कायचा फोन आयकू येते त्याले."

पंचफुलाबाई उठल्या. दाराजवळच्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. कैलाश यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. फोनवर प्रत्येक गाव तीन म्हणालं होतं, तरी तो घाम थांबला नव्हता.

"कैलाशभाऊ, सावरघाटचा डब्बा किती वाजतो?"

"मले... मले काय मालूम."

"पटांगणात पोरं आहेत. पाणी निघालंय. किती?"

त्यांनी सरिताकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"दोन," ते म्हणाले. आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले. मग एकदम ओरडले, "दोन! फोन करा न कोनाले तरी! दोन!"

"माझी भाची आहे तिथं. रक्षा. दवाखान्याची आशाताई आहे." गोमाजीनं नंबर दाबला. "घे, उचलला! रक्षे, आयक, बँड बंद कर. लेकरं घेऊन वर शाळेत जा. आत्ताच्या आत्ता. काहून म्हनून इचारू नको. पानी!"

पलीकडून ढोल, पिपाण्या, पोरांचा गलका. मग रक्षाचं "आवो पोट्टेहो, चला वर!" आणि फोन बंद.

कैलाश भिंतीला टेकून खाली बसले.

"मला समजलं नाही," सरिता हळू म्हणाली. तिची नजर गोमाजीच्या फोनवर होती. सगळ्यांचीच होती. "बोला, मॅडम. बोलत राहा."

पंचफुलाबाई बोलत राहिल्या, कारण गप्प बसणं त्यांनाही जमत नव्हतं.

"ठाण्यातला डब्बा तीन शिट्ट्या मारतो. बायजाबाई सांगते, इथला दोन मारायचा, रोवणा म्हणजे भाताची लावणी संपल्यापासून. म्हणजे ठाण्यात आलेला डब्बा आणि काल पाणी आलं तेव्हा खांबावर असलेला डब्बा, हे दोन वेगळे. मधल्या वेळात कोणीतरी बदलला. सारा गाव घाटावर असताना."

"गोमाजीनं पाहिला तो. पण तो अंकुश..."

"गोमाजीनं कोट पाहिला. आता आवाज आठवा. गावातली शिट्टी कर्कश, कानात सुई गेल्यासारखी. ठाण्यातली मऊ. ती मऊ शिट्टी अश्विननं पोळ्याच्या आदल्या हप्त्यात केली आणि ती ऑफिसच्या कम्प्युटरशिवाय कुठंही नव्हती. तेव्हा अंकुश लाखांदूरला गेलेला होता. ऑफिसच्या किल्ल्या दोघांकडेच."

"अश्विनकडे पण आहे किल्ली."

"आहे. पण अश्विननं तो डब्बा बदलला असता तर ती शिट्टी ऐकून तो रडला कशाला असता? आपण लपवलेली वस्तू पाहून कोणी असा कोसळत नाही. त्याला खरंच वाटलं की आपली चूक गावात पोचली. आणि अंकुश रोज खांबाखाली उभा राहतो. त्यानं तो डब्बा सुरू केल्याबरोबर ओळखलं असतं की हा आवाज गावचा नाही. ज्यानं डब्बा बदलला त्याला हे कळलंच नाही. त्यानं ऑफिसातला नवा डब्बा घेतला, टेबलावरच्या मशीननं त्यात असेल तो प्रोग्राम भरला आणि आणून टांगला. डब्बे विकणारा, पण कधी खांबाखाली उभा न राहिलेला माणूस."

पंचफुलाबाईंनी दोन बोटं वर केली.

"दोन शिट्ट्या म्हणजे मधली चिप. ती फक्त प्रदर्शनाच्या डब्ब्यात. त्याला भोंगा जोडता येत नाही, पण हिरवा दिवा लागतो आणि 'ठीक आहे' म्हणून निरोप जातो. कंट्रोल रूमला दुसरं काही दिसतच नाही."

"काहून केलं असं, कैलाशभाऊ?" सरितानं विचारलं. तिची शहरी बोली कुठल्या कुठं गेली होती.

"पाहुना म्हनतो आमी त्याले," कैलाश जमिनीकडे बघत म्हणाले. "डब्बा बिघडला तं दुरुस्तीले आनतो न, तवा जागा रिकामी नको दिसाले म्हणून पाहुना टांगतो. सगळेच करतात. दिवा बंद दिसला का कंत्राट रद्द. इथला डब्बा आन् सावरघाटचा, दोघाईचा पार्ट येत नव्हता. बाजूच्या जिल्ह्याचं काम आमाले भेटणार होतं, नवे डब्बे त्याच्यासाठी राखून ठेवले होते. म्हटलं, पाऊस सरत आला. आता काय पानी येते."

"अंकुशला माहीत होतं?"

"त्यानंच टांगले, माझ्या सांगन्यानं. तो म्हने, अश्विनले सांगू. मी नाही म्हटलं. काल त्याले फोन बंद करून तिकडेच राहाले सांगितलं."

"आणि इथला पाहुणा कुठंय?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

ते गाडीकडे पाहू लागले. हवालदार धावत गेला. मागच्या डिकीत ओल्या दोराखाली निळा टोप, निळा कोट आणि एक राखाडी डब्बा होता. त्यानं तो आणून भिंतीवरच्या सॉकेटला लावला.

पी. पी.

दारात गोळा झालेल्या बायांपैकी एकीनं कानावर हात ठेवले. "हाच," ती म्हणाली. "हाच होता आमचा."

"तुम्ही अश्विनसाठी पोहे आणले होते," सरिता कैलाशना म्हणाली. तिनं हवालदाराला खूण केली.

गोमाजीचा फोन वाजला. त्यानं तो कानाला न लावता सगळ्यांसमोर धरला.

"मामा," रक्षा धापा टाकत होती, "सारे पोट्टे वर आले. शाळेत आहेत. पाटलाचा बँडही आनला. पटांगणात पानी चढून राहिलं. दोनचार लाकडी बैल गेले, बस." आणि मग तिचा आवाज बारीक झाला. "मामा, भोंगा काहून नाही वाजला?"



पंचफुलाबाईंनी ठाण्यात फोन लावून अश्विनला मागितलं. "तुझी बूटलोडर सगळीकडे उठली रे," त्या म्हणाल्या. "जिथं तिला ठेवलं होतं तिथं तिथं उठली." पलीकडून फक्त रडण्याचा आवाज आला. त्यांनी त्याला रडू दिलं.

तेवढ्यात खांबावरचा भोंगा वाजला.

इतक्या जवळून तो ऐकायची त्यांची पहिलीच वेळ. आवाज छातीत घुसला. ओट्यांवरचे लोक उठले. बाया पोरांना काखेत मारून टेकडीवरच्या विहाराकडे निघाल्या, गुरं सुटली, कोणीतरी म्हाताऱ्याला पाठकुळी घेतलं. सगळा गाव वर चालला होता.

पंचफुलाबाईंनी घाटाकडे पाहिलं. बायजाबाई तशीच बसली होती.

"मॅडम, थांबा, मी जाते!" सरिता ओरडली. पण त्या निघाल्या होत्या. नदीच्या दिशेनं उतरणाऱ्या त्या एकट्याच होत्या. पाणी आता दोन पायऱ्यांवर होतं आणि त्याचा आवाज त्यांच्या लहानपणापासून जसाचा तसा होता. त्यांनी बायजाबाईच्या खांद्यावर हात ठेवला.

"चला."

बायजाबाईनं वर पाहिलं. भोंगा ओरडतच होता.

"आज कोनासाठी वाजून राहिला हा?"

"तुमच्यासाठी, बाई. उठा."

ती उठली नाही. पंचफुलाबाईंनी तिच्या दंडाखाली दोन्ही हात घातले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. तेव्हा ती उठली, जाळं छातीशी धरून. दोघी एकमेकींना ओढत चार पायऱ्या चढल्या, मग आणखी चार. मागे, ती जिथं बसली होती ती पायरी पाण्याखाली गेली.